ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या स्कीमात बदल: आधी प्रतीवर, मग खऱ्यावर

२२ मार्च २०२५ च्या शनिवारी आमच्या कंपनीच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या (लॉगिन आणि माणसं-संगणकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीच्या) स्कीमात, म्हणजे तिच्या नोंदींच्या साच्यात, आम्ही दोन नवे ॲट्रिब्यूट (रकाने) आणि एक क्लास (रकान्यांचा गट) घातला. खऱ्या सर्व्हरवरचं काम सकाळी सुरू झालं आणि जेवणाच्या सुट्टीआधी आटोपलं. तयारी मात्र दिवाळीनंतर सुरू झाली होती. छोट्या-मध्यम कंपन्यांत आयटी सांभाळणारी दोन-तीनच माणसं असतात आणि 'फक्त एक फाइल चालवायची आहे' असं सांगत व्हेंडर त्यांच्यासमोर उभा राहतो. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. मी स्वतः सुरुवात केली तेव्हा मला खूप भीती वाटत होती आणि आपल्यासारख्याच कुणीतरी हे पार पाडलेलं वाचायला मिळावं असं फार वाटायचं.

आमचा मुख्य कारखाना नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, दुसरा सिन्नरला. माणसं चारशेच्या घरात. एकच डोमेन (एकत्र सांभाळला जाणारा नोंदींचा गट), एकच फॉरेस्ट (डोमेनांचा समूह), तीन डोमेन कंट्रोलर (डिरेक्टरीची प्रत ठेवणारे आणि लॉगिन तपासणारे सर्व्हर): दोन अंबडला, एक सिन्नरला. तिन्ही विंडोज सर्व्हर २०१६ चे. व्यवस्थापनाला दोन्ही ठिकाणच्या गेटसाठी आणि कॅन्टीनसाठी एकच कार्ड हवं होतं. नव्या हजेरी-प्रणालीच्या व्हेंडरने नोव्हेंबरमध्ये एक एलडीएफ फाइल (डिरेक्टरीत करायचे बदल ओळीओळीने लिहिलेली मजकुराची फाइल) पाठवली. सोबतच्या मेलमध्ये लिहिलं होतं की ही चालवा, दहा मिनिटांचं काम आहे, सर्व्हर रीस्टार्टही करावा लागत नाही. ते सगळं खरं होतं. मागे कसं फिरायचं, याबद्दल मात्र त्या मेलमध्ये एक ओळही नव्हती.

ज्यांचा स्कीमाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डिरेक्टरीत प्रत्येक माणसाची, संगणकाची, ग्रुपची नोंद असते. त्या नोंदीत कोणते रकाने असू शकतात, कशात आकडा चालतो, कशात अक्षरं, कशात एकच किंमत आणि कशात अनेक, हे ठरवणारा छापील नमुना म्हणजे स्कीमा. अख्ख्या फॉरेस्टला तो एकच असतो. प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर त्याची प्रत असते, पण त्यात बदल लिहिण्याचा अधिकार एकाच सर्व्हरकडे, तो स्कीमा मास्टर. आणि एकदा घातलेला रकाना काढून टाकता येत नाही. तो निष्क्रिय करता येतो, पण नोंद कायमची राहते. ॲट्रिब्यूटचा प्रकार, म्हणजे सिंटॅक्स, नंतर बदलता येत नाही.

साहेबांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "बॅकअप असतो ना आपला? बिघडलं तर कालचा बॅकअप टाकू." बहुतेकांना असंच वाटतं, म्हणून याचं उत्तर नीट द्यावं लागलं. एका डोमेन कंट्रोलरवर जुना बॅकअप टाकला तर बाकीचे दोन त्याला नवीन स्कीमा पुन्हा पाठवून देणार. चुकून डिलीट झालेला युझर जसा 'हाच खरा धरा' म्हणून परत आणता येतो, तसं स्कीमाच्या बाबतीत करता येत नाही. एकदा बदल सगळीकडे पसरला की मागे जाण्याचा मार्ग एकच: सगळे डोमेन कंट्रोलर बंद करून अख्खं फॉरेस्ट बॅकअपमधून नव्याने उभं करणं. तोवर लॉगिन बंद, फाइल सर्व्हर बंद, ईआरपी बंद, म्हणजे डिस्पॅचही बंद. हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा साहेब थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग घाई नको. काय लागेल ते सांग."

लागणाऱ्या गोष्टी फार नव्हत्या. डिझाइन विभागातून निघालेला एक जुना वर्कस्टेशन होता. त्यात रॅम वाढवली आणि महात्मा गांधी रोडवरून एक दोन टीबीची एसएसडी आणली. सगळं मिळून वीस हजारांच्या आत बसलं. तेवढ्याचीही मंजुरी यायला डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला, कारण बजेटमध्ये 'टेस्ट लॅब' नावाचं शीर्षकच नव्हतं. इथे आयएसओ २७००१ हे माहिती-सुरक्षेचं मानक कामी आलं. २०२२ च्या आवृत्तीत नियंत्रण ८.३१ हे चाचणीचं वातावरण खऱ्या वातावरणापासून वेगळं ठेवण्याबद्दल आहे आणि ८.३२ बदल-व्यवस्थापनाबद्दल. आमचे ग्राहक ऑडिटमध्ये हे विचारतात. खर्चाच्या टिपणात हे दोन क्रमांक लिहिले आणि फाइल पुढे सरकली. तुमच्याकडेही पैसे अडले तर ऑडिटच्या भाषेत मागून बघा.

मंजुरी येईपर्यंत मी फाइल वाचून काढली. एलडीएफ फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि ती वाचायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. प्रत्येक ॲट्रिब्यूटला एक ओआयडी असतो, ठिपक्यांनी जोडलेल्या आकड्यांची लांब साखळी. ती जगात एकमेव असावी अशी अपेक्षा असते. मग सिंटॅक्स, एक किंमत की अनेक, इंडेक्स करायचं की नाही, ग्लोबल कॅटलॉगमध्ये (अख्ख्या फॉरेस्टच्या शोध-यादीत) न्यायचं की नाही. आमच्या फाइलमध्ये दोन ॲट्रिब्यूट होते, एक कार्ड क्रमांकाचा आणि एक कार्डाच्या वैधतेचा. ते दोन्ही एका सहायक क्लासमध्ये घालून तो क्लास युझर क्लासला जोडलेला होता. ही रचना चांगली होती. थेट युझर क्लासमध्ये रकाने कोंबण्यापेक्षा सहायक क्लास बरा, कशाने काय जोडलं ते पुढे कुणालाही कळतं.

फाइल वाचताना आणखी दोन गोष्टी दिसल्या. ओळीओळीत व्हेंडरच्या स्वतःच्या चाचणी-डोमेनचं नाव पक्कं लिहिलेलं होतं. आणि सूचनापत्रात एलडीआयएफडीई ही (एलडीएफ फाइल डिरेक्टरीत भरणारी किंवा डिरेक्टरी फाइलमध्ये उतरवणारी) आज्ञा '-के' लावून चालवायला सांगितली होती. '-के' म्हणजे 'ही नोंद आधीच आहे' अशा प्रकारच्या चुका दुर्लक्षून पुढे जा. शंभर युझर भरताना ते ठीक आहे. स्कीमा बदलताना मला प्रत्येक चूक डोळ्यांसमोर यायला हवी होती. म्हणून '-के' काढून टाकला आणि डोमेनच्या नावाच्या जागी खूण ठेवून '-सी' ने आपलं नाव घालायचं ठरवलं.

पहिली चाचणी कोऱ्या लॅबमध्ये केली. विंडोज सर्व्हरची मूल्यमापन आवृत्ती १८० दिवस फुकट वापरता येते. हायपर-व्ही (एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारं विंडोजचं साधन) वर दोन व्हर्च्युअल मशीन, नवं फॉरेस्ट, नवं डोमेन. फाइल चालवली आणि ती बिनबोभाट गेली. दोन्ही सर्व्हरवर नवे ॲट्रिब्यूट दिसले. व्हेंडरच्या इंजिनिअरला कळवलं, तो म्हणाला, "झालं की मग! आता प्रॉडक्शनवर कधी घेता?"

खूप ठिकाणी चाचणी इथेच थांबते आणि मला नेमकं याबद्दलच सांगायचं आहे. कोरी लॅब सांगते की फाइल बरोबर लिहिली आहे. ती फाइल तुमच्या फॉरेस्टमध्ये चालेल का, हे तिला माहीतच नसतं. आमचं फॉरेस्ट २००९ साली सुरू झालं. सर्व्हर बदलत गेले, नव्या आवृत्त्या आल्या, पण स्कीमा तीच पुढे चालत आली आणि मधल्या काळात कुणी कुणी काय काय जोडलं ते सगळं तिच्यात साठत गेलं. म्हणून चाचणी आपल्याच फॉरेस्टच्या प्रतीवर व्हायला हवी.

प्रत काढायची म्हणजे एका डोमेन कंट्रोलरच्या बॅकअपमधून बंदिस्त नेटवर्कमध्ये तोच सर्व्हर पुन्हा उभा करायचा. त्यासाठी डिरेक्टरी रिस्टोअर मोडचा पासवर्ड लागतो. तो रोजच्या ॲडमिन पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि सर्व्हर डोमेन कंट्रोलर होताना ठरवला जातो. आमच्याकडे तो अकाउंट्सच्या तिजोरीत सीलबंद पाकिटात होता. पाकिटावर लाखेचा ठिपका, आधीच्या ॲडमिनची सही आणि २०१३ ची तारीख. अकाउंट्सच्या मॅनेजरसमोर रजिस्टरमध्ये नोंद करून पाकीट फोडलं. आत सुबक अक्षरात पासवर्ड लिहिलेला होता, पण तो कधीच भंगारात गेलेल्या सर्व्हरचा. २०१७ मध्ये उभ्या केलेल्या सर्व्हरचा पासवर्ड कुठेच नोंदलेला नव्हता. एनटीडीएसयुटिल हे विंडोजमधलंच साधन वापरून चालू सर्व्हरवर तो नव्याने ठरवता येतो, फार तर पाच मिनिटांचं काम. पण तो ठरवल्यानंतर घेतलेल्या बॅकअपलाच तो लागू होतो. म्हणून तिन्ही सर्व्हरवर नवा पासवर्ड, मग नवा बॅकअप, मग नवं पाकीट, असं करून जानेवारी सुरू झाला. तुम्ही हे वाचत असाल तर स्कीमाचं काम असो वा नसो, तुमचं पाकीट या आठवड्यात एकदा तपासा.

बंदिस्त नेटवर्कबद्दल जरा थांबून लिहिते, कारण खरा धोका इथे असतो. प्रतीच्या सर्व्हरला खऱ्या सर्व्हरचंच नाव, तोच आयपी पत्ता, तीच ओळख असते. तो चुकून कंपनीच्या नेटवर्कला लागला तर खरे सर्व्हर त्याला आपलाच समजून देवाणघेवाण सुरू करू शकतात. हायपर-व्ही मध्ये तीन प्रकारचे स्विच असतात. त्यातला प्रायव्हेट निवडला, त्यात व्हर्च्युअल मशीन फक्त एकमेकांशी बोलतात, ज्या मशीनवर ती चालतात त्याच्याशीसुद्धा नाही. शिवाय त्या वर्कस्टेशनची नेटवर्क केबल काढून ठेवली आणि वायफाय कार्ड उपसून ड्रॉवरमध्ये टाकलं. मशीन सुरू केल्यावर सगळ्यात आधी गेटवेला पिंग करून ते अपयशी होतंय याची खात्री केली आणि त्याचा स्क्रीनशॉट बदल-अर्जाला जोडला.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. या प्रतीत कंपनीतल्या प्रत्येक माणसाच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डपासून बनवलेली सांकेतिक रूपं) असतात. म्हणजे ती एसएसडी कुणाच्या हाती लागणं म्हणजे डोमेन कंट्रोलरच हाती लागणं. आम्ही ती बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलपाने) बंद केली आणि वर्कस्टेशन सर्व्हर रूममध्येच ठेवला. 'टेस्ट मशीन आहे' म्हणून ते टेबलाखाली ठेवू नका.

प्रत उभी राहायला आठवडाभर गेला. बॅकअप परत टाकला, लॉगिन झालं, पण सिसव्हॉल शेअर (सगळ्या डोमेन कंट्रोलरवर सारखं ठेवलं जाणारं, धोरणांच्या फाइलींचं फोल्डर) दिसेना. सर्व्हर आपल्या जोडीदारांची वाट बघत होता आणि लॅबमध्ये जोडीदार नव्हतेच. मग सिसव्हॉलची हीच प्रत प्रमाण धरावी असं त्याला सांगावं लागलं (फोल्डर सारखं ठेवणाऱ्या डीएफएसआर सेवेच्या नोंदीत एमएसडीएफएसआर-ऑप्शन्स १ करून). पाचही फिस्मो भूमिका (स्कीमा मास्टरसारख्या, एका वेळी एकाच सर्व्हरकडे असणाऱ्या जबाबदाऱ्या) या सर्व्हरवर ओढून घेतल्या. लॅबमध्ये नसलेल्या दोन डोमेन कंट्रोलरचा मेटाडेटा (डिरेक्टरीत उरलेल्या त्यांच्या नोंदी) साफ केला, डीएनएस स्वतःकडेच वळवलं. मग एक कोरी व्हर्च्युअल मशीन घेऊन तिला याच डोमेनचा दुसरा कंट्रोलर केलं आणि 'सिन्नर' साइटमध्ये टाकलं. दोन्ही मशीन बंद करून एकाच वेळी चेकपॉइंट (मागे परतता येईल अशा स्थितीच्या नोंदी) घेतले. मागे जायचं तर दोन्ही एकत्रच न्यायची, एकाला मागे आणि एकाला पुढे ठेवायचं नाही, हा नियम पाटीवर लिहून मॉनिटरला चिकटवला.

या सगळ्या खटपटीतून एक गोष्ट आपोआप हाती आली. फॉरेस्ट खरंच कोसळलं तर ते बॅकअपमधून उभं करता येतं का, याचा अनुभव आमच्या कंपनीत कुणालाच नव्हता. आता तो लेखी स्वरूपात आहे, कुठल्या पायरीला किती वेळ लागला त्यासकट. माझी भीती त्या आठवड्यात निम्मी झाली.

मग प्रतीवर फाइल चालवली. पहिल्याच ॲट्रिब्यूटला अडकली. संदेश असा की हा ओआयडी आधीच वापरात आहे.

सगळी स्कीमा एलडीआयएफडीईने मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घेतली आणि त्यात तो ओआयडी शोधला. सापडला. २०१४ साली तयार झालेला एक ॲट्रिब्यूट, तोही कार्ड क्रमांकाचाच. तेव्हा अंबडला बसवलेल्या जुन्या हजेरी-यंत्रणेने तो घातला होता. पुढे ती यंत्रणा गेली, पण तिचा रकाना स्कीमात राहिला. नंतर कळलं की आत्ताचं उत्पादन त्या जुन्या उत्पादनाचाच पुढचा अवतार आहे. नाव बदललं, ओआयडी तोच ठेवला आणि सिंटॅक्स मात्र पूर्णांकाचा अक्षरांचा केला. बदलामागचं कारण बरोबर होतं, कारण पूर्णांकात '००४५१२' चा '४५१२' होतो आणि पुढची शून्यं जातात. पण अर्थ बदलला की ओआयडी नवा घ्यायचा, हे पाळलं गेलं नव्हतं. कोऱ्या लॅबमध्ये २०१४ चा तो रकाना असणारच नव्हता, त्यामुळे तिथे हे कधीच दिसलं नसतं. आणि सूचनापत्राप्रमाणे '-के' लावून थेट खऱ्या सर्व्हरवर गेलो असतो तर कुठली ओळ गेली आणि कुठली राहिली, हे सुट्टीच्या दिवशी शोधत बसावं लागलं असतं.

व्हेंडरशी मेलामेली सुरू झाली, त्यात जानेवारीचा शेवट गेला. त्यांचं पहिलं उत्तर असं की जुना ॲट्रिब्यूट निष्क्रिय करा आणि त्याच ओआयडीवर नवा घाला. फॉरेस्टची फंक्शनल लेव्हल (कुठल्या विंडोज आवृत्तीपर्यंतच्या सोयी चालू आहेत ती पातळी) २००३ किंवा त्यापुढची असेल तर हे करता येतं, म्हणजे सल्ला चुकीचा नव्हता. पण जुन्या रकान्यात अजून काही लोकांचे क्रमांक पडून होते आणि एचआरच्या मॅडमना जुन्या वादांसाठी ते हवे होते. शिवाय एकाच ओआयडीचे दोन अर्थ आपल्या घरात कायमचे ठेवायला माझं मन तयार नव्हतं. मी विचारलं, तुमचं सॉफ्टवेअर ॲट्रिब्यूट नावाने वाचतं की ओआयडीने? उत्तर यायला दहा-बारा दिवस लागले, पण आलं ते स्पष्ट: नावाने. मग ओआयडी आमचा चालेल, असं त्यांच्याकडून मेलवर लेखी घेतलं. फोनवरचं आश्वासन ऑडिटला चालत नाही आणि पुढच्या अपग्रेडला तर नाहीच.

स्वतःचा ओआयडी मिळवणं वाटतं तितकं अवघड नाही. आयएएनए ही इंटरनेटचे क्रमांक सांभाळणारी संस्था कंपन्यांना 'प्रायव्हेट एंटरप्राइझ नंबर' देते. ऑनलाइन फॉर्म आहे, शुल्क नाही. मिळालेला क्रमांक १.३.६.१.४.१ या साखळीच्या पुढे लागतो आणि त्याखालचं सगळं तुमचं. दोन सूचना. ही यादी सार्वजनिक असते, त्यात संपर्काचं नाव आणि ईमेल दिसतो. म्हणून स्वतःचा नाही, विभागाचा ईमेल द्या, नोकरी बदलली तरी तो चालू राहतो. आणि क्रमांक हाती आल्याबरोबर एक साधी एक्सेल शीट करा: कुठला उपक्रमांक कशासाठी, कुणी, कधी. आमच्या शीटमध्ये आज फक्त मोजक्या ओळी आहेत, पण २०१४ मध्ये अशी शीट कुणी ठेवली असती तर माझा महिना वाचला असता.

फेब्रुवारीत नव्या ओआयडीची फाइल प्रतीवर चालवली, ती गेली. मग रोजच्या वापराच्या चाचण्या घेतल्या. त्यातली एक सगळ्यांनी करावी अशी आहे. कुठलाही अधिकार नसलेला साधा युझर घेतला आणि त्याच्या लॉगिनने दुसऱ्याचा कार्ड क्रमांक वाचून बघितला. तो सहज वाचता आला. बऱ्याच जुन्या डोमेनमध्ये साध्या लॉगिनला युझरच्या नोंदीतलं जवळपास सगळं वाचता येतं, कारण विंडोज २००० च्या आधीच्या सुसंगतीसाठी ठेवलेल्या ग्रुपमध्ये सगळेच असतात. कार्ड क्रमांकावर गेट उघडतं आणि कॅन्टीनचे पैसे कापले जातात, तो असा उघडा ठेवणं मला पटेना. यावर उपाय स्कीमातच आहे. सर्चफ्लॅग्ज या किमतीत १ म्हणजे इंडेक्स, १२८ म्हणजे गोपनीय. दोन्ही मिळून १२९. मग तो रकाना फक्त ज्याला 'कंट्रोल ॲक्सेस' दिला आहे त्यालाच वाचता येतो. आम्ही तो व्हेंडरच्या सर्व्हिस अकाउंटला आणि एचआरच्या ग्रुपला दिला. एचआरच्या मॅडमना लॅबमध्ये बोलावून दाखवलं, त्यांनी स्वतः दोन्ही लॉगिनने बघितलं. बदल-अर्जावर त्यांची सही त्या दिवशी लगेच झाली. त्याआधी तो अर्ज त्यांच्या टेबलावर बरेच दिवस पडून होता.

मग निसटण्याच्या वाटेची तालीम. माझ्या मते सगळ्या तयारीत हीच सर्वांत मोलाची. स्कीमा मास्टरवरून बाहेर जाणारं रेप्लिकेशन (सर्व्हर एकमेकांना बदल पाठवतात ते) तात्पुरतं बंद करता येतं, त्यासाठीच्या रेपॲडमिन या आज्ञेमध्ये 'डिसेबल_आउटबाउंड_रेप्ल' हा पर्याय अधिक चिन्ह लावून. आता बदल केला तर तो त्या एकाच सर्व्हरवर राहतो. तपासणीत काही वावगं दिसलं तर तो सर्व्हर बंद करायचा, पुन्हा कधीच नेटवर्कवर आणायचा नाही, स्कीमा मास्टरची भूमिका दुसऱ्या सर्व्हरवर ओढून घ्यायची आणि मेलेल्याचा मेटाडेटा साफ करायचा. किंमत एका सर्व्हरची, फॉरेस्ट शाबूत. प्रतीवर हे खरंच करून बघितलं: बदल केला, मास्टर बंद केला, दुसऱ्यावर भूमिका घेतली आणि नवा ॲट्रिब्यूट तिथे नाही हे डोळ्यांनी पाहिलं. मग चेकपॉइंटवर परत येऊन सगळं पुन्हा.

या वाटेला एक अट आहे. रेप्लिकेशन बंद असताना त्या सर्व्हरवर दुसरा काही बदल झाला तर तोही तिथेच अडकू शकतो. म्हणून हे काम गर्दीच्या वेळी करायचं नाही. आणि ज्या सर्व्हरवर पीडीसीची (पाचांपैकी पासवर्ड-बदल आणि घड्याळ सांभाळणारी) भूमिका आहे त्याला पणाला लावायचं नाही. आमच्या पाचही भूमिका अंबडच्या पहिल्या सर्व्हरवर होत्या. फक्त स्कीमा मास्टरची भूमिका त्या दिवसापुरती दुसऱ्या सर्व्हरवर हलवायची असं ठरलं.

तारीख ठरवणं हीसुद्धा एक फेरीच झाली. आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी. आधी १५ मार्च ठरला होता, पण आदल्या दिवशी धुळवड आणि सिन्नरचा सहकारी गावी. १९ ला रंगपंचमी, त्या दिवशी नाशकात कुणी कामाचं बोलत नाही. २९ मार्च अकाउंट्सने साफ नाकारला, वर्षअखेरीच्या आठवड्यात सर्व्हरला कुणी हात लावायचा नाही हा त्यांचा जुना नियम. उरला २२ मार्च. महावितरणचं त्या दिवशी देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचं काही नियोजन नाही ना, हे आठवडाभर आधी विचारून घेतलं. यूपीएसच्या बॅटऱ्याही तपासल्या.

शुक्रवारी रात्री तिन्ही सर्व्हरचे बॅकअप पूर्ण झाले. शनिवारी सकाळी साडेआठला रेपॲडमिनचा सारांश बघितला, एकही अपयश नाही. डीसीडायग, म्हणजे डोमेन कंट्रोलरची तब्येत तपासणारी आज्ञा, तीही स्वच्छ. सिन्नरचा सहकारी तिथल्या सर्व्हर रूममध्ये फोनवर. स्कीमा ॲडमिन्स हा ग्रुप आम्ही एरवी रिकामा ठेवतो. मी स्वतःला त्यात घातलं आणि लॉग ऑफ करून पुन्हा आले, कारण त्याशिवाय नवा अधिकार लागू होत नाही. भूमिका हलवली, बाहेरचं रेप्लिकेशन बंद केलं, फाइल चालवली. लॅबमध्ये जितक्या नोंदी बदलल्याचा आकडा आला होता तोच आकडा आला. तेव्हा कुठे हाताचा घाम पुसला.

मग तपासणी, लॅबमध्ये लिहून ठेवलेल्या यादीप्रमाणे ओळीने. ओआयडी बरोबर, सिंटॅक्स बरोबर, सर्चफ्लॅग्ज १२९. एका चाचणी-युझरला शून्यांनी सुरू होणारा क्रमांक दिला, तो तसाच परत आला. साध्या लॉगिनने वाचून बघितला, रिकामा दिसला. आधीची आणि नंतरची स्कीमा मजकुरात उतरवून तुलना केली, ठरवलेल्या नोंदींखेरीज काही बदललं नव्हतं. एक लक्षात ठेवा: स्कीमाच्या आवृत्तीचा आकडा (सर्व्हर २०१६ चा ८७) अशा बदलाने हलत नाही, तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या अपग्रेडनेच बदलतो. तो बघून 'झालं की नाही' ठरवू नका, थेट ॲट्रिब्यूट शोधा.

अर्जात या ठिकाणी एक रिकामा चौकोन ठेवला होता: पुढे जायचं की सर्व्हर सोडून द्यायचा, आणि निर्णय कुणाचा. साहेबांना फोन करून यादी वाचून दाखवली. ते म्हणाले, "पुढे चल." वेळ लिहिली आणि वजा चिन्ह लावून रेप्लिकेशन पुन्हा सुरू केलं. अंबडच्या पहिल्या सर्व्हरवर बदल काही क्षणांत आला. दोन साइटमधलं रेप्लिकेशन मुळात १८० मिनिटांनी होतं, आमचं आम्ही किमान मर्यादेवर म्हणजे १५ मिनिटांवर आणलेलं आहे. तरी वाट न बघता रेपॲडमिनच्या सिंकऑलने ढकललं. पलीकडून आवाज आला, "ताई, दिसतंय. दोन्ही दिसतायत."

त्यानंतर भूमिका मूळ सर्व्हरवर परत नेली, स्कीमा ॲडमिन्स रिकामा केला, पुन्हा रेपॲडमिन, पुन्हा डीसीडायग. रविवारची पहिली पाळी नेहमीसारखी लागली, एकही लॉगिन अडलं नाही. सोमवारी अर्ज बंद झाला, त्याला लॅबचे स्क्रीनशॉट, आधी-नंतरची तुलना आणि व्हेंडरचा मेल जोडला. कार्ड क्रमांक भरण्याचं काम एचआरने एप्रिलमध्ये केलं.

प्रतीची एसएसडी आम्ही महिनाभर ठेवली, मग पुसून टाकली आणि पुसल्याची नोंद केली. बॅकअपमधून प्रत उभी करण्याची पायरीवार टिपणं मात्र छापून पाकिटासोबत तिजोरीत ठेवली आहेत. विंडोज सर्व्हर २०१६ चा आधार १२ जानेवारी २०२७ ला संपतो. २०२५ च्या आवृत्तीवर जायचं तर स्कीमा ८७ वरून ९१ वर जाईल. त्या कामाच्या अर्जात पहिली ओळ मी आत्ताच लिहून ठेवली आहे: आधी प्रत, त्यावर ॲडप्रेप (स्कीमा नव्या आवृत्तीवर नेणारं मायक्रोसॉफ्टचं साधन). या वेळी एसएसडीचे पैसे बजेटमध्येच धरले आहेत.